तळाचं पाणी

उजनीचं पाणी शून्याच्या खाली गेलं की पेपरात 'उणे' आकडे यायला लागतात. बाहेरचा माणूस विचारतो, शून्य झालं म्हणजे पाणी संपलं, मग उणे कसलं? त्याला सांगावं लागतं. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त, बाकी सगळा मृतसाठा. म्हणजे निम्म्याच्या वर पाणी कागदावर मेलेलं. उपयुक्त साठा संपतो तिथं शून्याची रेघ. तिच्याखाली पाणी असतंच, आणि खरं भांडण त्याच पाण्याचं असतं.

आम्ही फुगवट्याच्या काठावरची माणसं. १९८० साली धरण पुरं झालं, त्याच्या आगंमागंच आमचं गाव उठलं. घर, मळा, विहीर पाण्याखाली गेली. मी तेव्हा विशीच्या उंबऱ्यावर होतो. उरलेल्या माळावर आम्ही पाइपलाइन आणली, ऊस केला. त्या उसावर घर बांधलं, लेकीचं लग्न केलं. त्यामुळं उसाला नावं ठेवायचं तोंड मला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात पाणी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. लोक गाड्या करून बघायला येत होते आणि आम्ही पाण्यामागं पळत होतो. पाणी मागं सरकलं की मोटर पुढं न्यायची, पाइप जोडायचे, केबल ओढायची, गाळातनं चारी काढायची. तीनदा मोटर हलवली. चौथ्यांदा चारी काढताना फावडं दगडावर वाजलं. बघतो तर आमच्या जुन्या विहिरीचं थारोळं. विहीर गाळानं बुजलेली, पण थारोळ्याचे घडीव दगड जागच्या जागी.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा असेन. आजोबांनी त्या विहिरीवर नेम घातला होता. घरटी दोन घागरी. आणि तळाला दोन हात पाणी राहिलं की मोट सोडायची, मळ्याला थेंब नाही. आजी चिडली होती. "आपल्याच हिरीचं पाणी आपल्याच मिरचीला न्हाई?" आजोबा म्हणाले, "वरचं पाणी आपलं. तळाचं तान्हेल्याचं." त्या वर्षी आमची मिरची वाळली.

मी थारोळ्यावर बसलो आणि लेकीची आठवण झाली. ती खालच्या अंगाला, भीमेकाठच्या गावात दिलीय. आदल्या रात्रीच तिचा फोन आला होता. "आबा, नदी कोरडी ठाक पडलीय. टँकर एका दिवसाआड. धरणातनं कधी सोडतील वो?" मी काहीतरी बोलून विषय बदलला होता.

पोराला म्हणलं, "मोटर हितनं पुढं न्यायची नाही." तो म्हणाला, "आबा, आपण थांबून काय होणार? काठानं एवढ्या मोटरी चालूच आहेत. आणि गाव कुणाचं बुडालं? आपलं. मग पहिला हक्क कुणाचा?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. गाव आमचंच बुडालं आणि त्याचा हक्क मी आजही सोडत नाही. पण हक्क तरी कुठवर चालतो? विहीर आजोबांची होती, मोट त्यांची, बैल त्यांचे. हक्काला काही कमी नव्हतं. तरी दोन हातांवर ते थांबले. भरल्या पाण्यात वाटा मागणं वेगळं आणि तळाच्या पाण्यात मागणं वेगळं. तळाशी माझ्या उसासमोर दुसऱ्याचा ऊस नसतो, कुणाची तरी घागर असते. आणि बाकीचे थांबत नाहीत हे मी न थांबायचं कारण धरलं, तर प्रत्येकाला तेच कारण पुरतं.

एवढं पटूनही मी काय केलं ते सांगतो. उभा ऊस दोन एकर होता. एका एकराचं पाणी तोडलं, ऊस वैरणीला दिला. दुसऱ्या एकराला मात्र मोटर होती तिथनंच, येईल तेवढं पाणी देत राहिलो. सोसायटीचं कर्ज होतं. पोरगं आठ दिवस माझ्याशी धड बोललं नाही.

पुढं पाऊस झाला. ऑगस्टात धरण शंभर टक्के भरलं, थारोळं परत पाण्याखाली गेलं. भरलेल्या धरणाला कुणी काही विचारत नाही. माझ्या एकराच्या पाण्यानं लेकीची घागर भरली का? नसेलच भरली. तेवढं पाणी धरणाच्या आकड्यात दिसतसुद्धा नाही. पण आता फोनवर पाण्याचं निघालं की मी विषय बदलत नाही. एक एकर सोडला हे तिला सांगितलं.

दुसऱ्या एकराचं अजून सांगितलेलं नाही.