नांवापुढचीं अक्षरें



लोणावळ्याच्या बाजारपेठेंतून, किंवा कामशेत, वडगांव, तळेगांव ह्या मावळच्या गांवांतून चालत गेलें असतां दुतर्फा पाट्या दिसतात. वैद्य, वकील, शिकवणी घेणारे गुरुजी, हिशेब तपासणारे. प्रत्येकाचें नांव, आणि नांवापुढें पदव्यांचीं अक्षरें. कोठें दोन, तर कोठें दहा. कचेरींतील टेबलावर तींच, पत्राच्या माथ्यावर तींच, लग्नपत्रिकेंत वराच्या नांवापुढें कंसांतही तींच. हीं अक्षरें लिहावीं कीं न लिहावीं? कोणी म्हणतात, हा निव्वळ गर्व होय. कोणी म्हणतात, कष्टानें मिळविलेलें झांकून कां ठेवावें? आमच्या मंडळ्यांतील मुलें-मुली शिकून कामास लागत आहेत. म्हणून ह्या गोष्टीचा विचार आपण नीट केला पाहिजे.

प्रथम हें सांगणें अवश्य आहे कीं, पदवी लिहिणाऱ्यास गर्विष्ठ म्हणण्याची घाई करूं नये. आपल्या देशांत माणसाच्या नांवास चिकटणारें पहिलें उपपद त्यानें मिळविलेलें नसे. तें जन्मानें लादलेलें असे. जुन्या दप्तरांत नांवामागोमाग जात लिहीत, आणि वेशीबाहेर राहणाऱ्यास तेवढीच ओळख पुरे समजत. अशा घराण्यांतील नातीनें आज आपल्या नांवापुढें बी. ए., बी. एड. असें लिहिलें, तर त्या चार अक्षरांत बापाची हमाली, आईची भातलावणीची मजुरी आणि तिचें स्वतःचें रात्र रात्र जागरण हीं सर्व आलीं. ह्यास गर्व म्हणूं नये. ही साक्ष आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें उदाहरण मावळास जवळचें आहे. तळेगांव दाभाडे येथें त्यांचा बंगला होता. १९१५ सालीं त्यांनीं अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. पुढें १९१७ सालीं ते बडोदें संस्थानाच्या नोकरीस गेले, तेव्हां एवढ्या विद्वानास त्या शहरांत राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहांत ते उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस तेथूनही बाहेर काढिलें. नांवापुढच्या अक्षरांनीं त्यांस एक खोलीही मिळवून दिली नाहीं. परंतु अक्षरांमागची विद्या कोणास हिरावून घेतां आली नाहीं. १९२३ सालीं त्यांनीं लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळविली, आणि पुढें ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

इंग्रज सरकार रावसाहेब, रावबहादूर असे किताब वांटीत असे. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदानें राज्यास किताब देण्याची बंदी केली. मात्र लष्करी व विद्याविषयक बहुमान त्यांतून वगळले. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही सांगितलें कीं, पद्म पुरस्कार मिळाला तरी तो नांवामागें वा पुढें किताबासारखा लावूं नये. मेहेरबानीनें मिळालेला मान निराळा, आणि श्रमानें मिळविलेली विद्या निराळी, हें मर्म आम्हांस ह्यांत दिसतें.

मग विद्येचीं अक्षरें वाटेल तेथें, वाटेल तितकीं लावावीं काय? पाटी कोणासाठीं असते, हें आधीं पाहावें. पवन मावळांतील एखाद्या वाडीवरची माउली तापानें फणफणलेलें मूल घेऊन दवाखान्याच्या दाराशीं येते. आंत बसलेल्याची विद्या तिला तपासतां येत नाहीं. तिचा भरंवसा त्या पाटीवर. म्हणूनच २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांत असें ठरविलें कीं, डॉक्टरानें आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यांत व औषधाच्या चिठ्ठीवर दाखवावा, आणि नांवापुढें मान्यता पावलेल्या पदव्या व ज्ञानाची खरी ग्वाही देणारीं प्रमाणपत्रें एवढींच लावावीं. तेव्हां पदवी हा दागिना नव्हे. तो त्या माउलीस लिहून दिलेला रोखा आहे. जितकीं अक्षरें, तितकें देणें. न शिकलेली विद्या जो पाटीवर लिहितो, तो खोटा रोखा लिहितो. चार दिवसांच्या शिबिराचें प्रमाणपत्र जो चार वर्षांच्या पदवीशेजारीं मांडितो, तो मापांत पाप करितो.

प्रेषित पौलापाशीं अशा अक्षरांची उणीव नव्हती. फिलिप्पैकरांस लिहितांना तो आपलें कूळ, वंश, पंथ आणि नियमशास्त्राचें पालन हीं ओळीनें मांडितो, आणि ख्रिस्तापुढें हें सर्व आपण तोटा मानिलें असें सांगतो. तरी त्यानें तें लपविलें नाहीं. यरुशलेमांत खवळलेल्या जमावापुढें आपण गमलिएलापाशीं शिकलों हें त्यानें सांगितलें. फटके मारावयास बांधूं लागले, तेव्हां आपण रोमी नागरिक आहों हेंही सांगितलें. जेथें प्रसंगास अवश्य, तेथें तो बोलला; भावांवर मोठेपणा मिळविण्यासाठीं नव्हे. करिंथच्या मंडळीस तर त्यानें कळविलें कीं, तुमचें पालटलेलें जीवन हेंच आमचें शिफारसपत्र होय.

कार्ल्याच्या डोंगरांतील चैत्यगृह आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीं तेथें दान देणाऱ्यांनीं व काम करणाऱ्यांनीं आपलीं नांवें दगडांत कोरविलीं. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें शैलगृह पुरें केलें आणि तें जंबुद्वीपांत उत्तम आहे, असा एक लेख आहे. सिंहस्तंभ देणाऱ्याच्या नांवाशीं महारठी ही पदवी आहे. आणि दरवाजापाशीं धेनुकाकट गांवच्या सामि नांवाच्या सुताराचा लेख आहे: बाप कोण, धंदा कोणता, आणि हा दरवाजा आपण केला, एवढेंच. महारठी म्हणजे नेमका कोणता अधिकार, हें आज विद्वानांस उलगडून सांगावें लागतें. सुताराची पदवी कोणास समजावून द्यावी लागत नाहीं. लेख वाचून मान वर केली कीं त्याचें काम समोर उभें असतें.

म्हणून, बंधुभगिनींनो, ज्या शाळेंत, दवाखान्यांत, कचेरींत तुमच्या विद्येवर दुसऱ्याचें हित अवलंबून आहे, तेथें आपली पदवी संकोच न धरितां लिहा. लिहिण्यापूर्वीं मनास विचारा: हें खरें आहे काय? वाचणाऱ्याच्या उपयोगाचें आहे काय? कोणी ह्या अक्षरांवर विसंबून दाराशीं आला, तर मी त्यास पुरा पडेन काय? परंतु उपासनेस सतरंजीवर बसतांना, किंवा पंचांच्या बैठकींत निरक्षर वडीलधाऱ्यांशीं बोलतांना, तीं अक्षरें दाराबाहेर वहाणांशेजारीं ठेवून या. तीं कोणी चोरून नेणार नाहीं. आणि ज्यांच्या नांवापुढें एकही अक्षर नाहीं, त्यांनीं खिन्न होऊं नये. नीट बांधलेला बांध, वेळेवर केलेली लावणी, आजाऱ्याच्या उशाशीं काढिलेली रात्र हीं ज्याला वाचतां येतात, त्या प्रभूस पाटी लागत नाहीं.