हातातली कला आणि दिलेला शब्द



पावसाळा तोंडावर आला की आपल्या घरोघरी सुतार, प्लंबर, वायरमन यांची शोधाशोध सुरू होते. एका मिस्त्रीचा हात फार चांगला, पण ‘उद्या येतो’ म्हणून तो आठवडाभर फिरकत नाही. दुसरा गोड बोलतो, आणि त्याने बसवलेले दार पहिल्याच पावसात फुगते. कोणाला बोलवावे? छोटा धंदा कशावर टिकतो, हातातल्या कलेवर की माणसे जोडण्यावर?

लिज्जत पापडची सुरुवात आठवून पाहू. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी उसने घेतलेल्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. लाटणे त्यांना येतच होते. तरी पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटवला. ही झाली कारागिरी. पण तेवढ्याने संस्था उभी राहिली नसती. दर्जा सोडू नका, हिशेब चोख ठेवा, हा छगनलाल पारेख यांचा सल्ला त्यांनी पाळला. सभासद एकमेकींना बहीण मानू लागल्या आणि नफ्यातोट्यात सगळ्या वाटेकरी झाल्या. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मग गोड बोलणे हे विक्रीचे तंत्र की सद्गुण? आम्हांला वाटते, याची परीक्षा काम बिघडल्यावर होते. पैसे हातात पडताच हसू मावळत असेल, तर ते तंत्रच. ‘शनिवारपर्यंत जमणार नाही’ असे जो गिऱ्हाईक गमावूनही आधीच सांगतो, त्याचे बोलणे कडू असले तरी खरे. आणि भिंतीत गाडला जाणारा पाइप कोणाला दिसणार नसतानाही जो नीट जोडतो, तो न बोलताच शेजाऱ्यावर प्रेम करतो. कला आणि वागणूक यांचे मूळ एकच आहे: समोरच्या माणसाची कदर.

पण ही कदर आपण गिऱ्हाइके तरी दाखवतो का? आपल्याच धर्मग्रामातल्या एखाद्या तरुणाने केटरिंग किंवा फॅब्रिकेशनचा धंदा सुरू केला की ‘तू तर घरचाच’ म्हणत आपण भाव पाडतो आणि उरलेले पैसे महिनोन्‌महिने देत नाही. परक्या दुकानदाराला मात्र रोख मोजतो. मालाचे पैसे त्या मुलाला वेळेवर द्यावेच लागतात. शेवटी तो शटर ओढतो आणि आपण म्हणतो, ‘आपल्या पोरांना धंदा जमत नाही.’

अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल संत याकोबाने आपल्या पत्रात धनवानांना खडसावले आहे. ते आपल्याला लागू नाही, असे समजू नये. आज घरी गेल्यावर आठवून पाहू या, आपल्याकडे कोणाचे पैसे राहिले आहेत. आणि पुढच्या रविवारच्या आत ते त्याच्या हातात देऊ या.