चिकटवही आणि स्मृतीचे ऋण

चिकटवही ही वरकरणी फावल्या वेळची करमणूक आहे. लग्नपत्रिका, प्रवासाचे तिकीट, वाळलेले पान, पिवळे पडलेले छायाचित्र, जे हाताशी येईल ते डकवावे आणि पान देखणे करावे, एवढेच तिचे प्रयोजन समजले जाते. साहजिकच, पानासाठी स्फूर्ती कोठून मिळवावी याचे उत्तरही सुबक वस्तूंमध्ये शोधले जाते. परंतु काय ठेवावे हे ठरविताना काय वगळावे हेही ठरत असते. निवड आली की जबाबदारी आली. आणि तेथे हा छंद नीतिविचाराच्या कक्षेत येतो.

मराठी परंपरेला हा प्रश्न नवा नाही. कीर्तनकारांची हस्तलिखित बाडे ही एका अर्थी जुनी स्मरणवहीच होय. आखूड बाजूने शिवलेल्या त्या वह्यांत निरनिराळ्या संतांची पदे, आख्याने आणि किरकोळ टिपणे शेजारी शेजारी नांदतात. ती मिरविण्यासाठी लिहिली गेली नाहीत. पुढे कोणाला तरी त्यांची गरज पडेल, या जाणिवेतून उतरवली गेली. त्यांची स्फूर्ती सौंदर्यात नव्हे, ऋणात होती.

बंगळूरचा मराठी इतिहासही एका संग्रहसदृश ग्रंथाने जपला आहे. १६३८ साली हे नगर आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे केंद्र बनले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताबरोबर अनेक देशी भाषांतील रचना एकत्र आल्या आहेत. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. या प्रस्तावनेमुळे दरबाराची स्तुती ही काळाची साक्ष होऊ शकली. तरीही त्या चंपूत आश्रयदात्याचे वैभव आहे. त्या वैभवासाठी राबलेल्यांना त्यात पान नाही. प्रत्येक संग्रहाची हीच मर्यादा असते. ती टाळता येत नाही. कबूल मात्र करता येते.

आज बंगळुरात वाढणाऱ्या मराठी घरांतील मुलांना हा प्रश्न अधिक निकडीने भेटतो. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड आणि घरात बोलण्यापुरती मराठी, अशा वातावरणात आजीच्या हातची वही त्यांना चित्रासारखी दिसते, वाचता येत नाही. छायाचित्रातील माणूस कोण, तो गाव सोडून येथे का आला, हे लिहिलेले नसेल तर एका पिढीनंतर ते पान मुके होते. म्हणून स्मरणवहीतील महत्त्वाची गोष्ट डकवलेली वस्तू नसून तिच्याखाली लिहिलेली ओळ होय. वस्तू पुरावा देते, परंतु बोलत नाही. बोलण्याचे काम जिवंत माणसाचे असते.

ते किती खरे असावे, याचा आदर्श लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात १८९५ मधील पतीचे धर्मांतर, त्यातून आलेली ताटातूट, स्वतःचे सोवळे-ओवळे आणि त्यातून झालेली सुटका यांपैकी काहीही रंगवून काढलेले नाही. स्वतःवर हसण्याची तयारी असल्यामुळे इतरांविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीला न्याय सुचतो. देखण्या क्षणांचीच निवड त्यांनी केली असती, तर त्या आठवणी एका कुटुंबापुरत्या उरल्या असत्या.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. गेलेल्या माणसांना मौनाचा हक्क नाही काय? घरातील प्रत्येक जखम वहीत उघडी करणे हीही एक प्रकारची हिंसाच नव्हे काय? येथे गोपन आणि असत्य यांत भेद केला पाहिजे. एखादी गोष्ट न सांगणे हा संयम असू शकतो. तिच्या जागी खोटी हकीकत डकवणे हा स्मृतीशी केलेला द्रोह ठरतो. मायेपोटी फाडलेले पत्र क्षम्य आहे, परंतु ते पत्र कधी आलेच नव्हते असे भासवणे क्षम्य नाही.

तेव्हा ज्याविषयी लिहिणे शक्य नाही, त्याचे पान कोरे ठेवावे, पण वहीतून काढू नये. उद्या ती वही हाती घेणाऱ्याला त्या कोऱ्या पानावरून एवढे तरी कळेल, की येथे काहीतरी होते आणि ठेवणाऱ्याने ते नाकारले नव्हते.