कसाबच्या निकालात आपल्यासाठी काय आहे

मार्च 2009च्या अखेरीस न्यायालयाने अंजली वाघमारे यांना मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातला आरोपी कसाब याच्या वकील म्हणून नेमलं आणि वरळीतल्या त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. साऱ्या देशाने ज्याला बंदूक घेऊन फिरताना पाहिलं, त्याला वकील कशाला, असं तेव्हा लोकलच्या डब्यातही ऐकू यायचं. संताप साहजिकच होता. पण वकील नसता तर त्या खटल्यात काय घडलं असतं, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

कसाबला फाशी झाली. त्याच्यासोबत आणखी दोन भारतीय आरोपी उभे होते, हे मात्र आपण विसरलो. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता आणि तसा एक नकाशा मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. कपडे रक्ताने भिजलेले आणि खिशातल्या कागदावर रक्ताचा डागही नाही, हे न्यायालयाला खटकलं. मे 2010मध्ये दोघेही निर्दोष सुटले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. त्यांच्यापैकी एकाचे वकील शाहिद आझमी मे 2010चा तो निकाल ऐकायला नव्हते. फेब्रुवारीतच कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या.

आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अटक झालेल्याचा हक्क घटनेच्या कलम 22मध्ये पहिल्यापासून आहे. ऐपत नसेल तर सरकारने वकील द्यावा, हे हुसैनारा खातून प्रकरणात 1979मध्ये ठरलं. पण द्यायचा कधी? 29 ऑगस्ट 2012 रोजी कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने याचं नेमकं उत्तर दिलं: आरोपी पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे येईल तेव्हाच. तुला वकील घेता येतो, परवडत नसेल तर सरकार देईल, हे दंडाधिकाऱ्यांनी स्वतःहून सांगायचं; न सांगितल्यास त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. ज्याला वकील द्यायला नको म्हणत होतो, त्याच्याच खटल्यातून तुमच्या-माझ्या पदरात हे पडलं.

कागदावरचं हे सगळं रिमांडच्या वेळी बघावं. हवालदार आरोपीला पुढे करतो. रिमांड रिपोर्टात नेहमीची कारणं असतात: साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, मुद्देमाल हस्तगत करायचा आहे. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असं साहेब विचारतात. शेजारी तोच हवालदार उभा. माणूस मान हलवून ‘नाही’ म्हणतो. कोठडी मिळते, पुढचं नाव पुकारलं जातं. विधी सेवेच्या पॅनेलवरचे वकील असलेच, तर पक्षकाराशी त्यांची ओळख व्हरांड्यात वकीलपत्रावर सही घेताना होते.

खंडव्यातल्या एका मुलीच्या खुनाच्या खटल्यात तर 2013मध्ये वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांत फाशीची शिक्षा. 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अशा गंभीर खटल्यांत वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस मिळालेच पाहिजेत, असं बजावलं. फेरसुनावणीनंतर 2024मध्ये तो आरोपी निर्दोष ठरला. अकरा वर्षं तुरुंगात गेली. मुलगी गमावलेल्या कुटुंबालाही या घाईने काय दिलं?

एखादा भयंकर गुन्हा घडला की वकील संघटना अजूनही ‘वकीलपत्र घेणार नाही’ असे ठराव करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्येच सांगितलं आहे. टाळ्या मिळतात, म्हणून ते होतात.

कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी तरतूदच आहे. तुमच्या ओळखीतल्या कोणाला अटक झाली, तर त्याला वकील हवा असल्याचं पहिल्याच हजेरीत न्यायालयाला सांगायला लावा. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय बहुतेक न्यायालयांच्या आवारातच असतं. आणि 15100 हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक फोनमध्ये आजच साठवून ठेवा.