बाबांना ब्रूपबमध्ये नेताना

मुलुंड (पूर्व)

चि. सायली,


तुझा बेत वाचला. बाबांची साठी अंधेरीच्या तुझ्या त्या लाडक्या ब्रूपबमध्ये, घरच्या सगळ्यांनी मिळून. हॉल नको, केटरर नको, फुग्यांची कमान नको, इथपर्यंत मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे. ‘बाबांना आवडेल का, आणि काय मागवू?’ असं विचारलंयस. काय मागवायचं ते सविस्तर सांगते. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला बिअरवर बोलायला कोणी आपणहून सांगतं, असं रोज होत नाही. पण त्याआधी तुला एक विचारते. आईला, म्हणजे आमच्या वहिनीला, विचारलंस का?

तुम्ही मुलं लहान असताना तुमच्या घरी शनिवारी रात्री काय चालायचं ते तुला माहीत नसेल. बाटली कपाटात, जुन्या फायलींच्या मागे. तुम्ही दोघं झोपलात की ती बाहेर यायची. वहिनी पापड भाजायची, त्यावर कांदा-टोमॅटो घालायची आणि ताटली पुढच्या खोलीच्या दारापर्यंत आणून द्यायची. उंबरा ओलांडायची नाही. तिला बाटली दिसत नाही असं दादा धरून चालायचा, आणि आपल्याला ती दिसत नाही असं तीही. मग तासाभराने बडीशेप खाऊन तो जेवायला यायचा. ऑफिसच्या मित्रांबरोबर परमिट रूममध्ये बसला तरी तसंच: मंद दिवे, मीठ लावलेली काकडी, उकडलेली अंडी, चणे-शेंगदाणे. खरं जेवण घरी, उशिरा, मान खाली घालून. म्हणजे तुझ्या बाबांना पिणं माहीत आहे, पण जिथे बायको नाही, मुलं नाहीत आणि पोटभर जेवणही नाही, असंच पिणं. तू त्यांना थेट भर उजेडात, मोठ्या टेबलाशी, लेकीसमोर बसवणार आहेस. त्यांच्या दृष्टीने नवलाई तिथे आहे. टाकीतून आलेली ताजी बिअर ही त्यापुढे किरकोळ गोष्ट.

या लपवाछपवीला कायद्याचाही हातभार होता. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आहे, आता नावात महाराष्ट्र आहे एवढंच. त्याच्या हिशेबाने प्यायचं तर परवाना लागतो, आणि परवान्याचं कारण काय, तर प्रकृती सांभाळण्यासाठी! परमिट रूम हे नाव त्यातूनच आलं. ज्याच्या खिशात परमिट असल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं असा माणूस मला आजवर भेटलेला नाही, पण चोरी करत असल्याची भावना मात्र सगळ्यांच्या खिशात असायची. आमच्या घरी तिला आणखी एक कारण होतं. आमचे धाकटे काका दारूनेच गेले. आजोबांच्या घरात त्यानंतर बाटलीचं नावही निघत नसे आणि दादा जे शिकला ते लपून शिकला. म्हणून त्यांना ‘बाबा, किती जुन्या वळणाचे तुम्ही’ असं काही म्हणू नकोस.

घरच्यांनी एकत्र बसून पिणं परदेशातून काल आलंय असंही त्यांना सांगू नकोस. ज्या अंधेरीत तू राहतेस तिथली आंबोली, मरोळ, गुंदवली ही मूळची गावठाणं. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची बोली मराठीच. माझी एक सहकारी मरोळची होती. तिच्याकडे लग्नाला गेले तेव्हा मसाले घालून केलेली खिमड नावाची दारू छोट्या पेल्यांतून सगळ्यांना फिरत होती, म्हाताऱ्या बायकांनाही, आणि त्याच पंगतीत फुगे नावाचे तळलेले पाव आणि मटण. कोणी लपत नव्हतं आणि माझ्या देखत कोणी झिंगलंही नाही. त्यांचा तो प्रसिद्ध बॉटल मसाला उन्हाळ्यात कुटून बिअरच्या गडद रंगाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवतात, उजेडाने वास उडू नये म्हणून. आमच्या घरात रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून रद्दीवाल्याकडे जायची. दोन्ही घरं याच उपनगरांतली.

आता तुझ्या ब्रूपबचं. तुमच्या पिढीला वाटतं हे पहिल्यापासून होतं. पुण्यात डूलालीने कोरिंथियन्स क्लबमध्ये मायक्रोब्रुअरी सुरू केली ती २००९ साली. मुंबईत लोअर परळला बार्किंग डिअर २०१३मध्ये आलं, आणि वीरा देसाई रोडजवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत डूलालीची टॅपरूम २०१५मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये तिथून काही किलोमीटरवर, मालाडच्या मालवणीत, विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल होतं. यकृतात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि आधी डोळ्यांच्या नसा जातात. हे मी वर्गात फळ्यावर शिकवत असे. त्या वर्षी शिकवताना माझा आवाज नीट निघाला नाही. तुझ्या आनंदावर विरजण घालायचं नाहीये. पण ‘आम्ही चवीसाठी पितो, ते लोक नशेसाठी पितात’ हे वाक्य तुझ्या मित्रमंडळींत फार सहज बोललं जातं, ते त्या टेबलावर नको. खात्रीची दारू मिळणं हा आधी पैशाचा प्रश्न असतो.

मागवायचं काय ते आता.

तिथे गेल्यावर कोळणीला विचारतो तसं विचारायचं: आज ताजं काय? फळ्यावर दहा नावं असली तरी त्यातलं एखादंच नुकतं टाकीतून काढलेलं असतं. बहुतेक ठिकाणी घोटभर चव देतात किंवा छोट्या ग्लासांचा संच मिळतो. तो बाबांपुढे ठेव आणि गप्प बस. ‘यात केळ्याचा वास येतोय का बघा’ असं तू म्हणालीस की त्यांची परीक्षा सुरू झाली. वास येतोच, ही गोष्ट वेगळी. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं नसतं, यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं एस्टर तयार करतं. आमच्या प्रयोगशाळेत ते बनवायचं प्रात्यक्षिक असलं की मजलाभर केळ्याचा वास सुटायचा. लवंगेसारखा वास येतो तोही यीस्टचाच उद्योग. बाबांना स्वतःहून कळलं तर ते तुला सांगतील, आणि मग रात्रभर सांगत राहतील.

सुरुवात बेल्जियन विटबिअरने कर. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते. धने म्हटल्यावर वहिनीचेही कान टवकारतील. हूगार्डन गावात ही बिअर जवळजवळ संपली होती, शेवटची ब्रुअरी १९५०च्या दशकात बंद पडलेली. १९६६मध्ये पिएर सेलिस नावाच्या तिथल्या दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. ही गोष्ट बाबांना जरूर सांग, त्यांना धंद्यात पडलेल्या माणसांच्या गोष्टी आवडतात.

तू पाठवलेल्या मेन्यूत ठेचा आहे, झुणका आहे, सुकं मटण आहे, सुरमई आहे. वाढदिवस जुलैत, तेव्हा सुरमईच्या वाटेला जाऊ नकोस. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, ताटात येईल ती बहुधा बर्फातली. वहिनी अलिबागची. पहिल्या घासाला तिला कळेल आणि ती काही बोलणार नाही, ते जास्त वाईट. पावसाळ्यात सुक्या मासळीचा मान. जवळ्याची चटणी किंवा सुका बोंबील आणि तांदळाची भाकरी असली तर डोळे झाकून मागव. त्या खारटपणावर गव्हाची हलकी, फेसाळ बिअर उत्तम लागते.

ठेच्याबरोबर मात्र आयपीए घेऊ नकोस. तुमच्या वयाचे सगळे तेच घेतात. हॉप्सचा कडवटपणा मिरचीची आग वाढवतो, आणि मग माणूस आग विझवायला आणखी पितो. तिथे थोडी गोडसर, माल्टकडे झुकणारी बिअर घ्यावी किंवा सरळ ताक. सुक्या मटणाबरोबर स्टाउट. वाटणासाठी कांदा-खोबरं खरपूस भाजताना जे होतं तेच जव भाजताना होतं, म्हणून त्या काळ्या बिअरचा वास घरच्या मटणाला अनोळखी वाटत नाही. आंबट आवडत असेल तर कोकमाची बिअर शोध. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ घालून कोकम एल केली होती. जर्मनीतल्या गोझे बिअरमध्ये मीठ आणि धने शेकडो वर्षांपासून पडतात, त्यामुळे शुद्धतेचे सोवळेवाले काही म्हणाले तर त्यांना गोझे दाखवायची. माझं स्पष्ट मत विचारशील तर आंबा घातलेल्या बिअरी मला आवडत नाहीत. आंबा नुसता खावा.

बाबा एक ग्लास संपवून म्हणतील, ‘यात काही दम नाही.’ त्यांना स्ट्राँग बिअरची आणि रमची सवय. तेव्हा फळ्यावरचा आठ-नऊ टक्क्यांचा ट्रिपेल मागवून त्यांना चकित करायचा मोह आवर. तो गोडसर लागतो, पटकन जातो, आणि बाबा रात्री रक्तदाबाची गोळी घेतात. डॉक्टरांना आधीच विचारून ठेव, फोनवर, बाबांच्या नकळत नव्हे.

तुझ्या भावाला, चिन्मयला, अजून एकवीस पूर्ण नाहीत. राज्यात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस ही अट आहे, आणि ‘घरचेच आहोत’ ही सबब तिथे चालत नाही. त्याला कोकम सरबत. तो तोंड वाकडं करेल, करू दे.

गाडी नेऊ नका. बाबा म्हणतीलच की दोन ग्लासांनी काय होतं. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, ती ओलांडली तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी, बाबा आणि वहिनी मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, असे येऊ. ती मेट्रो २०१४मध्ये सुरू झाली नसती तर मुलुंडची माणसं अंधेरीला जेवायला गेलीच नसती. परतीला टॅक्सी सांगून ठेव. बिलाचं आधीच काउंटरवर बघ. खाण्यावर जीएसटी आणि बिअरवर व्हॅट असं दुपेडी बिल येतं. बाबांनी ते हातात घेतलं तर एका पाइंटच्या किमतीत परमिट रूममध्ये काय काय आलं असतं याचा हिशेब आपल्याला घरी पोचेपर्यंत ऐकावा लागेल.

टेबल संध्याकाळी सातचं घे, नंतर गाणी एवढी मोठ्याने लावतात की जेवताना ओरडावं लागतं. तारीख ठरवताना आषाढी एकादशी बघ. त्या दिवशी ड्राय डे असतो आणि बाबांचा उपास. गटारीच्या आधीचा शनिवार-रविवारही टाळ, तेव्हा तिथे उभं राहायला जागा नसते.

राहिली वहिनी. ती घेत नाही. ‘आई, एक घोट, माझ्यासाठी’ असं म्हणायचं नाही. ‘आईला नको’ असं तिच्या वतीने वेटरला सांगायचंही नाही. वेटरला थेट तिलाच विचारू दे, ती काय सांगायचं ते सांगेल. मेन्यू पहिल्यांदा तिच्या हातात दे आणि जेवण तिला ठरवू दे. बाबांच्या शेजारी बसव, समोर नको. आणि टेबलावर पापड येईल तेव्हा तो कुणीतरी तिला वाढा.

मी अर्धा ग्लास स्टाउट घेईन. आयतं मटण आणि आयती भांडी घासणारी माणसं असताना नाही म्हणायला मी मूर्ख नाही.

तुझी,
आत्या

ता. क. बाबांना कुठे नेतोय ते शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलं नाहीस तरी चालेल. वहिनीला मात्र आजच फोन कर. ती नको म्हणाली तर माझ्याकडे या, मटण मी करते, आणि बिअर मुलुंडलाही मिळते.