घाटाची जकात

बसचे भाडे वाचावे म्हणून जो माणूस पाच किलोमीटर चालतो त्याची आपण कीव करतो, आणि बसचे भाडे खर्च करून, पायांत चारपाच हजारांचे बूट चढवून जो डोंगरात पाच किलोमीटर चालतो त्याचे कौतुक करतो. चालणे तेच, घाम तोच, संध्याकाळी दुखणारे गुडघेही तेच. पहिल्याला चालावे लागते, दुसऱ्याला चालावेसे वाटते. 'लागते' आणि 'वाटते' या दोन क्रियापदांत माणसामाणसांतले केवढे अंतर सामावले आहे!

मी दुसऱ्या प्रकारातला. कल्याणात राहणाऱ्याला हे व्यसन जडायला फारसे निमित्त लागत नाही. पाऊस ओसरून हवा स्वच्छ झाली की गावाबाहेर मलंगगडाचा सुळका दिसू लागतो. पहाटेची लोकल पकडली तर कर्जत नाहीतर कसारा, स्टेशनसमोरच्या डेपोतून एस. टी. पकडली तर मुरबाड आणि त्यापुढचे सारे घाट. चाळीस वर्षे मी रविवारची झोप या डोंगरांना वाहिली आहे. घरच्यांनी पहिली दहा वर्षे तक्रार केली, पुढे मुकाट्याने डबा बांधून द्यायला सुरुवात केली. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते हौशी भटक्यांची टिंगल करण्यासाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मला एवढेच पाहायचे आहे, की दुसऱ्याच्या कष्टाच्या वाटेवरून आपण मौजेने चाललो तर त्या वाटेचे आपण काही देणे लागतो का? लागत असलो तर ते फेडायचे कसे?

हा प्रश्न वर काढला माझ्या भाच्याने, किंवा खरे म्हणजे त्याच्या आईने. भाचा टेक्सासात असतो. गेल्या दिवाळीत आला तो ग्वाटेमाला आणि होंडुरास हे देश पाठीवर बिऱ्हाड घेऊन तीन आठवडे पालथे घालून. फराळाची ताटे मांड्यांवर घेऊन आम्ही सारे त्याची छायाचित्रे पाहत बसलो. तिकालचे अरण्य आणि त्या अरण्याच्या माथ्यावर डोकी काढून उभी असलेली माया लोकांची देवळे. कोपानचे कोरीव शिलास्तंभ. आणि शेवटी अकातेनांगो नावाचा जवळजवळ ४००० मीटर उंचीचा ज्वालामुखी. हा स्वतः शांत आहे, पण त्याच्या खांद्यावर तंबू ठोकला की शेजारचा फुएगो रात्रभर आग ओकताना दिसतो. फुएगो म्हणजे अग्नीच. ३ जून २०१८ रोजी याच फुएगोचा मोठा उद्रेक झाला आणि पायथ्याचे सान मिगेल लोस लोतेस हे गाव तप्त राखेखाली गाडले गेले.

एका चित्रात सामानाचे गाठोडे कपाळावरच्या पट्ट्याने पाठीशी तोलून एक बाई चढ चढत होती. आमच्या बहिणीने करंजी हातातच ठेवून विचारले, "ह्या बाईनं पाहिला का रे ज्वालामुखी?"

"ती रोजच पाहते, आई."

"पाहते, की तिथं असते?"

भाचा थोडा गोंधळला. मग म्हणाला, "आम्ही तिला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, मामा." बोलला तो आईशी, पण पाहिले माझ्याकडे. मी चकलीत लक्ष घातले.

पैसे दिले, हे उत्तर खोटे नव्हे. या प्रदेशातल्या भटकंतीचा आद्य पुरुष म्हणावा असा अमेरिकन वकील जॉन लॉइड स्टीफन्स, त्यानेही पैसे दिले होते. १८३९ मध्ये फ्रेडरिक कॅथरवूड या चित्रकाराला बरोबर घेऊन तो निघाला आणि कोपानचे अख्खे भग्न नगर त्याने पन्नास डॉलर्सना विकत घेतले! ते उचलून न्यूयॉर्कला न्यावे असेही त्याच्या मनात होते. सुदैवाने ते साधले नाही. माणूस मात्र डोळस होता. ही नगरे इजिप्तच्या किंवा दुसऱ्या कुठल्या परक्या लोकांनी बांधली असतील अशा कल्पना चालू असताना, आज इथे राहणाऱ्या दरिद्री लोकांच्याच पूर्वजांनी ती बांधली, असे त्याने निःशंकपणे सांगितले.

पुढच्या वर्षी पालेंकेच्या वाटेवर तिथल्या रिवाजाप्रमाणे तो एका माणसाच्या पाठीवरच्या खुर्चीत बसला. वाहणाऱ्याच्या कपाळाला पट्टा, पाठीला खुर्ची, आणि खुर्चीत, उलट्या तोंडाने, हा. कड्याच्या कडेने जाताना त्याला खालची दरी दिसे आणि वाहणाऱ्याचा धापा टाकणारा देह स्वतःच्या अंगाला जाणवे. अखेर त्या माणसाने त्याला खाली ठेवले तेव्हा तो घामाने निथळत होता, त्याचे हातपाय लटपटत होते. दुसरा गडी पाठ देऊन तयारच होता. पण स्टीफन्स पुन्हा बसला नाही. मजुरी ठरलेली होती, रिवाजही रूढ होता. तरी बसला नाही. त्यात स्वतः दरीत पडण्याचे भय होते, नाही असे नाही. पण मला वाटते, पाठीला पाठ लागली की मजुरीचा हिशेब पुरेसा वाटेनासा होतो. एरवी ओझे आणि ते वाहणारा यांच्यात आपण अंतर राखतो म्हणून आपले निभते. माथेरानला माणसांनी ओढायच्या हातरिक्षा बंद कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. तोवर त्यांत बसलेली माणसे काही दुष्ट नव्हती. त्यांना ओढणाऱ्याची पाठ दिसे, धाप ऐकू येत नसे, एवढेच.

हे सारे लांबचे झाले. आपल्या दाराशी असलेल्या वाटेकडे येतो.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे ओलांडून वैशाखऱ्याच्या पुढे उतरले की जंगलातून नाणेघाटाची वाट लागते. दोनअडीच तासांची चढण. जे दगड तुडवीत आपण चढतो तेही ज्वालामुखीचेच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, आणि त्यांचा सह्याद्री झाला. आमचा अग्नी विझलेला. त्याला पाहायला कोणी रात्री जागत नाही.

ही वाट मौजेसाठी कोणी काढलेली नव्हती. कल्याण हे त्या काळचे मोठे बंदर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. बंदरात उतरलेला माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून या खिंडीतून जुन्नरला चढे. माथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे परंपरेने सांगतात. जवळच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची त्यात आकड्यांनिशी मोजदाद आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या आठ प्रतिमा होत्या. आज वर नावे आहेत, खाली पावलांच्या खुणा आहेत, मधला राजा नाही.

त्याच घाटात एक छोटा लेख आहे आणि माझा जीव तिथे अडकला आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी, एवढेच तो सांगतो. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. सोपारा म्हणजे आपले नालासोपाऱ्याकडचे. पलीकडे जुन्नरच्या लेण्यांतही असेच एक टाके आहे, आणि त्याचा दाता कल्याणचा एक सोनार आहे. या लोकांनी जकात भरलीच असणार. ती राजाच्या तिजोरीत गेली, आणि राजा कुठे गेला ते वर सांगितलेच. पण जकात भरून झाल्यावरही यांना वाटले, की अजून काही देणे उरले आहे. दान धर्माच्या नावाने दिले, पुण्याची आशाही असेल, आणि नाव कोरायला विसरले नाहीत हे तर उघड आहे. (आजचे पर्यटक गुहेच्या भिंतीवर नावे लिहितात ती टाके न खोदता.) तरी उन्हातून चढून आलेल्या, कधीही न भेटणाऱ्या माणसाची तहान त्यांनी विचारात घेतली. गुहेजवळच्या टाक्यांतले पाणी वाटसरू अजून पितात. पिताना नागनिकेच्या हत्तींची आठवण कुणालाही होत नाही.

मजुरी आणि देणे यांतला भेद मला इथे दिसतो. मजुरीने आपण एका माणसाशी मोकळे होतो. वाटेशी होत नाही, पाण्याशी होत नाही, ज्या गावाच्या अंगणातून आपण पहाटे खुशाल बॅटऱ्या मारीत जातो त्याच्याशी तर नाहीच. म्हणून जाऊच नये काय? मला ते पटत नाही. घाटाखालच्या आणि घाटावरच्या घरांतून आज भटक्यांना भाकरी-पिठले मिळते, त्याचे चार पैसे त्या घरांना होतात. आपण आलो नाही तर त्यांना हायसे वाटेल असे समजणे म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणे होय. आणि अपराधी वाटून उसासे टाकणे ही तर सगळ्यांत स्वस्त चैन. तिला बूटसुद्धा लागत नाहीत.

या दिवसांत तुमच्या जिन्याखाली, अंगणात मुलांनी किल्ला केला असेल. माती, पोती, विटा, वर अळीव किंवा मोहरी पेरलेली. सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे. पण नीट पाहा, पायथ्याच्या वाटेवर डोक्यावर घडा घेतलेली एक गवळण असतेच. मुले तिला कधी गाळत नाहीत. तिच्यावरून मला रायगडची हिरकणी आठवते. आख्यायिकाच ती: दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती रात्री कडा उतरली, आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला. तिला कडा उतरायची हौस नव्हती. आज दोर लावून कडे उतरणाऱ्यांना आपण साहसी म्हणतो, आणि ते असतातही. पण रोज मोळी घेऊन चढउतार करणारीला तो शब्द आपण देत नाही. बुरूज एकीलाच मिळाला.

असो. त्या दिवाळीनंतरच्या रविवारी मी भाच्याला नाणेघाटात नेले. अर्ध्या चढावर मोळी घेऊन उतरणारी एक म्हातारी भेटली. मोळी दगडावर टेकवून, चुंबळ हातात घेऊन ती आमच्याकडे जरा वेळ पाहत राहिली.

"वर काय हरवलंय का तुमचं?" तिने विचारले. "दर ऐतवारी एवढी मानसं हुडकायला येतात."

भाचा मनापासून हसला. मी तिला पाणी दिले. ती दोन घोट प्यायली आणि उरलेल्या पाण्याने तिने तोंडावर हबका मारला. वाटेतली एक पायरी पावसाने निखळून कलंडली होती, मी विचारले, "या पायऱ्या कोण बसवतं, मावशी? सरकार?"

"सरकार कशाला येतंय? ज्याचा पाय रोज पडतो त्यो बसवतो. आमी दोघी-तिघी बसवतो, भाताची कापनी उरकली की."

म्हणजे एके काळी जकात घेतलेल्या या घाटाची डागडुजी आता मोळीवाल्या करतात, आणि चालतो आम्ही. भाच्याने पाठीवरचे बिऱ्हाड उतरवले आणि त्या दगडाला हात घातला. चौदा किलो घेऊन ज्वालामुखी चढलेला हा गडी. दगड तसूभर हलला नाही. म्हातारी बघत होती. तिने बाजूचे एक जाड लाकूड पायाने त्याच्याकडे सारले आणि म्हणाली, "वढू नगं. खालून घाल. आन् आदी तिकडची माती काढ."

भाच्याने बाह्या वर केल्या. मी माती काढायला बसलो. तिने मोळीकडे एकदा पाहिले, सावलीचा अंदाज घेतला, आणि सुटलेल्या छोट्या चिपा ती एकीकडे गोळा करू लागली. पायरी बसायला पाऊण तास लागला. आमची माथ्यावरून परत फिरायची वेळ त्यात हुकली आणि शेवटची एस. टी. मिळेल की नाही याची मला काळजी लागून राहिली.