समोर नसलेला अशील

वकील आमदार झाला की लोक म्हणतात, बोलण्याची सवय कामी आली. ते खरं आहे, पण वरवरचं. वकिलाचा अशील त्याच्यासमोर बसलेला असतो, वकीलपत्रावर त्याची सही असते. आमदार ज्यांच्यासाठी कायदा करतो, त्यातले बहुतेक जण त्याने कधी पाहिलेलेही नसतात. काही तर अजून जन्मायचे असतात. कुणासाठी भांडायचं याचं उत्तरच बदलून जातं. हा बदल माणसात कसा घडतो, हे मला थॅडियस स्टीव्हन्स यांच्या आयुष्यात सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

१७९२ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात त्यांचा जन्म झाला. एक पाय जन्मापासून वाकडा. वडील घर सोडून गेले आणि आईने काबाडकष्ट करून मुलाला शिकवलं. १८१६मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावात वकिली सुरू केली आणि काही वर्षांतच नाव कमावलं.

पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणारा कायदा केला होता. परराज्यातल्या मालकाने आपला गुलाम सहा महिने इथे ठेवला, तर तो मुक्त होई. शेजारच्या मेरीलँडमधली चॅरिटी बटलर ही गुलाम स्त्री अशीच पेनसिल्व्हेनियात येऊन-जाऊन राहिली होती. ते सगळे दिवस जोडले तर सहा महिने भरतात, म्हणून मी आणि माझी मुलं मुक्त आहोत, असा तिचा दावा होता. १८२१ साली स्टीव्हन्स मालकाच्या बाजूने उभे राहिले. सहा महिने सलग हवेत, तुकड्यातुकड्याने नव्हेत, असं त्यांनी मांडलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामच राहिली.

स्टीव्हन्स यांचे चाहते हा खटला घाईने ओलांडतात. मला तिथेच थांबावंसं वाटतं. त्यांनी लबाडी केली नव्हती. कायद्याचा शब्द जसा होता तसा वाचला आणि अशिलाचं काम चोख केलं. वकिलीच्या मापाने तो विजयच होता. पण कायदा ज्यांच्यासाठी लिहिला गेला, ती बाई त्याच कायद्याच्या फटीतून खाली पडली, आणि ती फट दाखवणारं बोट स्टीव्हन्स यांचं होतं. दोनच वर्षांनी, ४ जुलैच्या समारंभात, गुलामांना बेड्या न घालणारा माणूस राष्ट्राध्यक्ष व्हावा, अशी इच्छा त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. पुढे पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने ते कोर्टात उभे राहू लागले.

१८३३मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. तेव्हा गरिबांच्या मुलांची फी सरकार भरत असे, पण त्यासाठी आईबापांनी ‘आम्ही कंगाल आहोत’ अशी नोंद करून घ्यायची. लाजेपोटी कितीतरी जण मुलांना शाळेत पाठवतच नसत. १८३४च्या कायद्याने करातून सर्वांसाठी मोफत शाळांची सोय केली. कर वाढणार म्हटल्यावर गावोगाव बोंब उठली. ज्यांना मूल नाही ते विचारू लागले, आम्ही का भरायचं? जर्मन वस्त्यांना आपल्या चर्चच्या शाळा पुरेशा वाटत होत्या. १८३५मध्ये सिनेटने कायदा रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला आणि प्रश्न कनिष्ठ सभागृहापुढे आला.

११ एप्रिलला स्टीव्हन्स बोलायला उभे राहिले. ते स्वतः अविवाहित, मूलबाळ नसलेले, आणि जमीनजुमला असल्यामुळे कर भरणारे. जुना कायदा गरिबांच्या कपाळावर डाग देणारा आहे, असं त्यांनी सुनावलं. कधी गुन्हा न करणारा माणूस कोर्ट आणि तुरुंगाच्या खर्चाचा वाटा मुकाट भरतो, मग माणूस गुन्हेगार होऊच नये म्हणून शाळेला पैसे देताना त्याचा हात का अडतो, हा त्यांचा सवाल होता. शाळा-कायद्यामागे ठाम उभे राहिलेले गव्हर्नर वुल्फ विरोधी पक्षाचे होते, तरी त्यांची स्टीव्हन्स यांनी मोकळेपणाने तारीफ केली. सभागृह फिरलं. कायदा टिकला.

युक्तिवादाची धार तीच होती, १८२१ची. फरक इतकाच की तेव्हा कायद्यातली फट अशिलासाठी वापरायची होती, आता तीतून कोण पडतं हे पाहायचं होतं. वकिली विसरून हे जमलं नसतं. फट कुठे असते हे वकिलालाच नेमकं ठाऊक असतं.

स्टीव्हन्स पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीच्या लढ्यात पुढे राहिले. १८६८ साली ते वारले. पाच वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. रयतेच्या पैशातून रयतेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मिळालं पाहिजे, हे फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलं.

शाळांच्या विजयापेक्षा मला मात्र हरलेली एक लढाई मोठी वाटते. १८३७-३८मध्ये पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना लिहिली जात होती आणि स्टीव्हन्स त्या सभेत प्रतिनिधी होते. मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा एकच शब्द घातला गेला आणि राज्यातल्या मुक्त काळ्या पुरुषांचा मताधिकार गेला. त्यांच्यातला एकही जण त्या सभागृहात बसलेला नव्हता. महिनोन्‌महिने खपून तयार झालेला मसुदा शेवटी सह्यांसाठी पुढे आला. त्यावर थॅडियस स्टीव्हन्स यांनी सही केली नाही.